बुश सीएनसीवर करायचा की साध्या लेथवर, हे नंतर. आधी तो का अडकतो ते बघू

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगडजवळ आंब्याचा पल्प काढायचा छोटा कारखाना. पल्परच्या ४० मिलिमीटरच्या शाफ्टवर नायलॉनचे बुश आहेत, म्हणजे शाफ्ट ज्यांत फिरतो त्या नळ्या. ते दर मोसमात दोन-तीनदा आवळतात, शाफ्ट जाम होतो. शाफ्टवर चढवलेल्या स्टेनलेसच्या नळीवर, म्हणजे स्लीव्हवर, रस अडवणाऱ्या सीलच्या जागी चर पडतात आणि रस बाहेर येतो. आजवर गावातले लेथवाले काका हे सगळं करून देत होते. आता कोणीतरी सांगितलं, 'सीएनसीवर करून घ्या, मायक्रॉनमध्ये माप येतं'. सीएनसी म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारा लेथ, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भाच्याने ड्रॉइंग काढलं, ४० बुश आणि ८ स्लीव्हसाठी दोन ठिकाणांहून कोटेशन मागवलं, तर दोन्हींत तिपटीचा फरक. महाग तेच चांगलं का, असं तुम्ही विचारता.

तुम्ही ड्रॉइंगचा फोटो पाठवलात हे बरं केलं. अर्धं उत्तर त्या कागदावरच आहे. भाच्याने प्रत्येक मापापुढे ±०.०१ लिहिलंय, म्हणजे मापात एवढीच चूक चालेल. यालाच टॉलरन्स म्हणतात. बाहेरच्या व्यासाला, बोरला म्हणजे आतल्या भोकाला, लांबीला, अगदी चॅम्फरलासुद्धा. चॅम्फर म्हणजे धार मोडण्यासाठी दिलेला उतार. तो १ मिलिमीटरचा झाला काय आणि सव्वाचा झाला काय, कोणाचंही काही अडत नाही. ज्याने जास्त पैसे सांगितले त्याने तुमचा कागद खरा मानला. ज्याने कमी सांगितले तो कागद बघून मनात म्हणाला असेल, 'यांना तेवढं नको असणार', आणि आपल्या अंदाजाने भाव लावला. म्हणून मला दोन्ही कोटेशनांवर मत द्यायचं नाही. चुकीच्या प्रश्नाला आलेली ती दोन उत्तरं आहेत.

आता बुश का अडकतो ते. दोष काकांच्या लेथचा नाही, नायलॉनचा आहे. नायलॉन पाणी पितो. बाजारात पांढरा किंवा काळा मिळणारा कास्ट नायलॉनचा गज पाण्यात पूर्ण मुरला तर स्वतःच्या वजनाच्या सहा-सात टक्के पाणी धरतो, आणि दर टक्क्यामागे मापात साधारण पाव टक्क्याची वाढ होते. पूर्ण मुरायला जाड तुकड्याला महिने लागतात, पण तुमचं मशीन मोसमभर ओलंच असतं. मोसम संपला की मिरगापासून पुढचे चार महिने तोच बुश शेडमधल्या दमट हवेत बसून असतो. बाहेरचा व्यास ६० मिलिमीटर. त्याला वाढायचंय, पण बाहेरून हाऊसिंगने, म्हणजे तो ज्यात बसतो त्या धातूच्या घराने, घट्ट धरलेलं. मग तो आतल्या बाजूला वाढतो. तुम्ही शाफ्ट आणि बुश यांच्यात जागा ठेवलीत ०.०५ मिलिमीटर. हा बोर त्याच्या कितीतरी पट आवळतो. सीएनसीवर तुम्ही हाच बुश ४०.०५० चा, अगदी मायक्रॉनमध्ये करून घेतलात, तरी तो तितक्याच मायक्रॉनमध्ये अडकणार. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत. फक्त इथे अंगण बदलून पैसे जास्त जातील.

हे मी कुठे वाचून सांगत नाही. माझा लेथकामाचा धंदा नवा होता तेव्हा मासळी धुण्याच्या एका यंत्राचे नायलॉनचे रोलर मी मे महिन्यात केले. प्रत्येक रोलर मायक्रोमीटरने मोजून, कागदात गुंडाळून दिला. जुलैत सगळेच्या सगळे परत आले. गिऱ्हाईक म्हणालं, मापं चुकलीत. मोजले तर खरंच चुकलेले. रात्रभर डोकं खाजवलं, मशीनवर संशय घेतला, हाताखालच्या पोरावरही घेतला. शेवटी एक रोलर ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवला, तेव्हा तो पुन्हा मापात यायला लागला. पोराची माफी मागितली.

तुमच्या कामाला अॅसिटल वापरा. बाजारात सगळे त्याला डेल्रिन म्हणतात. डेल्रिन हे ड्यूपाँटने १९६० मध्ये बाजारात आणलेलं एका प्रकारच्या अॅसिटलचं व्यापारी नाव आहे, पण आपल्याकडे सगळ्या टूथपेस्टला जसं एकच नाव, तसंच हे झालंय. दुकानात जाताना दोन प्रकार माहीत असू द्या: होमोपॉलिमर आणि कोपॉलिमर. डेल्रिन हा पहिला. तो जरा कडक, पण गरम पाणी आणि कॉस्टिकच्या धुण्याला कोपॉलिमर जास्त टिकतो. तुम्ही रोज संध्याकाळी कॉस्टिक आणि गरम पाण्याने धुता, म्हणून कोपॉलिमर मागा, नैसर्गिक पांढरा, खाद्यपदार्थाला चालतो असं लेखी घेऊन. काळा नको. अॅसिटल पाणी पितो तो एक टक्क्याच्याही आत. एक मात्र लक्षात असू द्या: ब्लीचिंग पावडरचं पाणी दोन्ही अॅसिटलना खातं. शेवटचं निर्जंतुक धुणं क्लोरीनने करत असाल तर ते साध्या पाण्याने लगेच धुऊन काढा, त्यात बुश रात्रभर भिजत ठेवू नका. त्या क्लोरीनने तुमच्या स्लीव्हचंही नुकसान होतंय, त्याकडे येतोच.

आता माप. प्लॅस्टिकला धातूची जागा देऊ नका. मी अॅसिटलच्या बुशला व्यासाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास जागा ठेवतो. तुमच्या ४० च्या शाफ्टला ०.२०. जास्त वाटेल. पण ८० अंशांच्या पाण्याने धुताना ही जागा जवळजवळ निम्मी होते, कारण अॅसिटल स्टेनलेसच्या सहापटीहून जास्त प्रसरण पावतं आणि त्याला बाहेर जायला वाव नसतो. शिवाय बुश हाऊसिंगमध्ये दाबून बसवला की जितका दाबाल तितका बोर कमी होतो. ०.१० दाबला तर बोर जवळजवळ तेवढाच आवळतो. म्हणजे बसवल्यावर ४०.२० हवा असेल तर लेथवर ४०.३० करावा लागेल. तुमच्या ड्रॉइंगवर हे कुठेच नाही. 'बोर ४०.३०, ±०.०५, बसवण्याआधी' असं लिहा. 'बसवण्याआधी' हा शब्द गाळला तर टर्नर कुठलंही माप धरेल आणि तुम्ही त्याच्याशी भांडाल.

आणि प्लॅस्टिकवर ±०.०१ कधीच लिहू नका. आमच्या शेडला एसी नाही, कोकणात बहुतेकांच्या नाही. सकाळी आठला आणि मे महिन्यातल्या दुपारी तीनला तापमानात दहा-बारा अंशांचा फरक सहज पडतो. ६० मिलिमीटरचा अॅसिटलचा बुश १२ अंशांत जवळजवळ ०.०८ मिलिमीटर फुगतो. म्हणजे काहीही न करता, नुसता टेबलावर ठेवून, तो तुमच्या टॉलरन्सच्या बाहेर जाऊन परत येतो. स्टीलचं तसं नसतं. स्टील आणि स्टीलचा मायक्रोमीटर साधारण बरोबरीने वाढतात, म्हणून ते चालून जातं.

बुश मोजण्याची आणखी एक गंमत आहे, आणि ही बरेच टर्नरही विसरतात. प्लॅस्टिकचा बुश तीन जबड्यांच्या चकमध्ये आवळून बोर केला की चकमध्ये असताना बोर अगदी गोल दिसतो. चक सैल केला की जिथे तीन जबडे दाबत होते तिथे बोर फुगतो, आणि एकूण आकार तीन कोपऱ्यांचा होतो. आता दोन टोकांनी मोजणारं कुठलंही साधन, व्हर्निअर असो की दोन पायांचा बोर गेज, हा दोष पकडतच नाही. तीन कोपऱ्यांच्या आकाराचा व्यास कुठूनही मोजा, सारखाच भरतो. तो पकडतो प्लग गेज, म्हणजे बोरमध्ये घालून बघायचा नेमक्या मापाचा दंडगोल, किंवा तीन पायांचा बोर मायक्रोमीटर. यावर इलाज म्हणजे सॉफ्ट जबडे, म्हणजे कापून हवा तो आकार देता येणारे मऊ जबडे, त्याच व्यासाला बोर करून घेणं, म्हणजे जबडे बुशला चहूबाजूंनी मिठी मारतात, आणि चकचा दाब कमी ठेवणं. ज्याच्याकडे काम देणार आहात त्याला सहज विचारा, 'बोरला सॉफ्ट जबडे लावाल ना?' त्याच्या चेहऱ्यावरून बरंच कळेल.

स्लीव्हचं दुखणं वेगळं. चर पडतात सीलच्या ओठाखाली. आंब्याबरोबर आलेली माती, रेतीचा कण सीलच्या ओठात अडकतो आणि स्लीव्हला कोरत बसतो. त्यात भर म्हणजे तुमचं स्टील. आंब्याचा रस आंबट, वर क्लोरीनचं धुणं, आणि समुद्रकाठची खारी हवा. ३०४ या स्टेनलेसच्या नेहमीच्या ग्रेडला हे झेपत नाही, बारीक खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांच्या कडा सीलला कापतात. ३१६ मागा, वेल्डिंग करणार असाल तर ३१६ एल. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, खड्ड्यांना तेच आवर घालतं. तेही अमर नाही, साचलेल्या क्लोरीनच्या पाण्यात तेसुद्धा जातं.

इथे सावध राहा. काही टर्नर ३०३ सुचवतील. ३०३ मध्ये गंधक मिसळलेलं असतं म्हणून कापताना निघणारी चिप पटापट तुटते, इन्सर्ट म्हणजे टूलचं कापणारं टोक टिकतं, काम झटपट होतं. टर्नरला ते गोड लागतं, आंब्याच्या रसाला नाही. आणि '३०४ आहे' म्हणून स्वस्तात मिळणारा गज खरंच ३०४ असेलच असं नाही. बाजारात २०० मालिकेतलं, कमी निकेलचं स्टील त्याच नावाने फिरतं. दुकानदार चुंबक लावून दाखवेल, 'बघा, चिकटत नाही'. २०० मालिकेलाही चुंबक फारसा चिकटत नाही, आणि ३०४ व ३१६ यांतला फरक तर चुंबकाला मुळीच कळत नाही. उलट खरं ३०४ थंड ओढलेलं असेल तर किंचित चिकटतं आणि लोक ते खोटं समजतात. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, त्यावरचा हीट नंबर, म्हणजे वितळवलेल्या खेपेचा नंबर, गजावर मारलेल्या नंबराशी जुळवून बघा. नंबर नसेल तर एक तुकडा कापून स्पेक्ट्रोला, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या तपासणीला, पाठवा. कोल्हापुरात शिरोली किंवा गोकुळ शिरगावला फाउंड्र्या आहेत, त्यांच्या आसपास ही सोय मिळते.

स्लीव्हला टॉलरन्स कुठे हवा आणि कुठे नको, हे आता वाचा, कारण तिपटीचा फरक इथून कमी होणार आहे. आतला बोर शाफ्टवर सरकून बसायचा, तिथे एच७ हा टॉलरन्सचा ठरलेला वर्ग लिहा, मोठ्या अक्षरातला, म्हणजे ४० ला शून्य ते अधिक ०.०२५. त्याखाली शाफ्टचं खरं माप लिहा. जुना शाफ्ट झिजून ३९.९२ झाला असेल तर ४०.०० चा सुंदर स्लीव्ह त्यावर डुगडुगेल. बाहेरची सीलची पट्टी, साधारण १५ मिलिमीटर रुंद, तिला बाहेरच्या ५५ मिलिमीटर व्यासावर एच११, लहान अक्षरातला, म्हणजे उणे ०.१९ पर्यंत चालेल. सीलचा ओठ तेवढं सहज सांभाळून घेतो. तिला माप नाही, पृष्ठभाग हवा. लांबी, चॅम्फर, बाकी सगळं आयएसओ २७६८ या सर्वसाधारण टॉलरन्सच्या मानकाच्या मध्यम वर्गात, कागदाच्या कोपऱ्यात एक ओळ लिहून मोकळे व्हा. हा बदल करून तीच दोन कोटेशनं परत मागवा. मला वाटतं आकडे जवळ येतील.

पृष्ठभागाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण रस गळण्याचं मुख्य कारण तेच. लेथवर टूल पुढे सरकत असतं, म्हणून टर्न केलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर बारीक आटा असतो. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागतो. फीड, म्हणजे एका फेऱ्यात टूल सरकतं ते अंतर, ०.२ मिलिमीटर ठेवून ०.४ त्रिज्येच्या इन्सर्टने कापलं तर हिशोबाने खडबडीतपणा ३.२ मायक्रॉनच्या आसपास येतो. फीड निम्मं केलं तर तो चौथाई होतो, ०.८. सीलला ०.२ ते ०.८ लागतो, म्हणून लोक फीड कमी करून 'फिनिश आला' म्हणतात. पण आटा बारीक झाला, गेला नाही. फिरणाऱ्या शाफ्टवरचा तो आटा स्क्रू पंपासारखा रस बाहेर ढकलतो, किंवा फिरण्याची दिशा उलट असेल तर आत ओढतो. त्यासाठी टर्निंगनंतर सीलची पट्टी प्लंज ग्राइंडिंगने घासून घ्यायची, चाक आडवं न सरकवता. ते परवडत नसेल तर बारीक पॉलिश पेपर पट्टीवर आडवा मागेपुढे हलवत न्यायचा, एकाच दिशेने नाही, म्हणजे आट्याची वाट मोडते. कागदावर लिहा: 'सीलच्या जागी आरए ०.४, आटा नको'. आरए म्हणजे खडबडीतपणाचं सरासरी माप, मायक्रॉनमध्ये. काकांनी तुमच्या स्लीव्हला नेहमी पेपर मारलाय, फोटोत दिसतंय, पण एका जागी धरून मारलाय, वर्तुळं दिसतात. खराब नाही, पण ०.४ नाही.

चर पडलेला स्लीव्ह लगेच फेकू नका. सीलच्या मागे तीन मिलिमीटरची रिंग घाला, सीलचा ओठ नव्या जागी बसेल, मोसम निघेल. मी नवा स्लीव्ह करताना सीलची पट्टी मुद्दाम रुंद ठेवतो, याचसाठी.

स्टेनलेसवर स्टेनलेस बसवताना तो चिकटून बसतो, आणि एकदा बसला की हातोड्यानेही निघत नाही. म्हणून बसवताना खाद्यपदार्थाला चालणारं ग्रीस लावा आणि सुका ढकलू नका.

आता पैशांचा हिशोब, कारण तुम्ही विचारलंय. सीएनसीचं बिल बहुतांश वेळेचं असतं. समजा बुशचं सेटिंग दीड तासाचं: टूल लावणं, सॉफ्ट जबडे कापणं, प्रोग्रॅम, पहिला नग. चार बुश केले तर हा वेळ प्रत्येकी साडेबावीस मिनिटं पडतो. चाळीस केले तर सव्वादोन मिनिटं. चारशे केले तर साडेतेरा सेकंद. तुमचे बुश चाळीस आहेत, म्हणजे सीएनसीला अर्थ आहे. स्लीव्ह आठच, तिथे काकांचा लेथ आणि कोणाचं तरी ग्राइंडिंग हेच स्वस्त पडेल आणि मला त्यात काही वाईट दिसत नाही. हातात कसब असलेला टर्नर साध्या लेथवर एच७ बोर काढतो, फक्त वेळ जास्त लागतो आणि आठवा नग पहिल्यासारखा येईलच असं नाही. आठ नगांत ते चालवून घेता येतं.

मालाचाही हिशोब करा. ५५ च्या स्लीव्हला ६० चा भरीव गज घेतला, ७५ मिलिमीटर लांब कापला, तर वजन १.७ किलोच्या आसपास. तयार स्लीव्ह सव्वासहाशे ग्रॅम. म्हणजे एक किलोहून जास्त ३१६ चिप होऊन भंगारात. जाड भिंतीचा पाइप मिळाला तर हे वाचतं, ड्रिलिंगचा वेळही वाचतो. आणि भंगार कोणाचं, हे आधी बोलून घ्या. माल तुम्ही दिला तर भंगार तुमचं, हा साधा रिवाज आहे, पण न विचारता ते परत येत नाही.

स्टेनलेस कापताना टूलने नुसतं घासायचं नसतं. घासलं की वरचा थर कडक होतो आणि पुढची कापणी त्या कडक थरावर आदळते. म्हणून शेवटच्या फिनिशला ०.०३ उरलंय अशी स्थिती आली की बोर बिघडतो, ०.२ ते ०.३ शिल्लक ठेवून एकदाच कापायचं. शिवाय बोर झाल्याझाल्या मोजू नका असं टर्नरला सांगा. स्टेनलेस उष्णता धरून ठेवतं, नेहमीपेक्षा २५ अंश जास्त गरम असताना ४० चा बोर ०.०१७ ने मोठा दिसतो, आणि एच७ ची सगळी जागा ०.०२५ ची. गरम असताना ओके केलेला बोर गार झाल्यावर शाफ्टवर चढत नाही.

कुठे करायचं? तुमच्यासाठी कुडाळची एमआयडीसी जवळ, रत्नागिरीची मिरजोळे त्यानंतर. चिपळूणला खेर्डी आणि गाणे-खडपोली आहेत, पण तुम्हाला लांब. फोंडा घाटाने किंवा गगनबावड्याने कोल्हापूर गाठलंत तर पर्याय जास्त आणि गज त्याच गावात मिळतो; कोकणात ३१६ चा हवा तो गज बहुधा वरूनच मागवावा लागतो. पावसात घाट बंद पडले की पार्सल अडकतं, हे धरून चला. कोणाकडेही गेलात तर त्याच्या शेडमध्ये दोन गोष्टी बघा. एक, कूलंट, म्हणजे कापताना टूलवर सोडतात ते तेल-पाणी. तो दुधासारखा पांढरा आणि वास न येणारा असावा, आणि त्यातलं तेलाचं प्रमाण मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर कुठेतरी दिसावा. किनाऱ्याजवळच्या विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, त्याच पाण्यात कूलंट कालवला तर स्टेनलेसवरही तपकिरी डाग येतात. दोन, तयार नग कसे ठेवतो. आमच्याकडे जुलैत साधं माइल्ड स्टील तेल न लावता रात्रभर टेबलावर ठेवलं तर सकाळी गंजलेलं असतं.

अर्थिंगचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण स्वतःच मशीन घ्यायचा विचार मनात आहे असं पत्रातून वाटलं. घेऊ नका, निदान ४० बुशांसाठी नाही. आणि घेतलंच तर जांभ्याच्या कातळावर अर्थिंग सहज मिळत नाही, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. माझ्या पहिल्या मशीनचा ड्राइव्ह, म्हणजे मोटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड, त्यापायी दोनदा गेला. खड्डा खोल घेऊन, माती बदलून, तीन इलेक्ट्रोड जोडल्यावर थांबला.

वेळेचं बघा. तुमचा मोसम एप्रिल ते जून. लोक मार्चमध्ये धावत येतात आणि मग सगळ्यांचंच अर्जंट असतं. झिजलेले बुश आणि शाफ्ट जूनअखेर मशीन उघडाल तेव्हाच मोजून लिहून ठेवा. चर किती खोल, कुठे, बुश कुठल्या बाजूने जास्त खाल्ला. एकाच बाजूने खाल्ला असेल तर शाफ्ट वाकलाय किंवा दोन टोकांची हाऊसिंगं एका रेषेत नाहीत, आणि मग कितीही नवे बुश घातलेत तरी तसेच खातील. गणपतीनंतर ऑर्डर द्या. आधी चारच बुश करून घ्या, त्यातला एक हाऊसिंगमध्ये दाबून बोर मोजा, मग हाऊसिंगसकट बादलीत गरम पाण्यात तासभर ठेवून शाफ्टवर घालून बघा. पटलं की उरलेले छत्तीस.

आणि शाफ्ट पाठवताना सीलही सोबत पाठवा, वापरलेला. नवा नको. त्याच्या ओठावर कुठल्या बाजूला झीज आहे ते बघून मला स्लीव्हबद्दल आणखी नेमकं सांगता येईल.